निर्जळीचे तांदूळ

अल्लीपूरच्या पलीकडे, बैलबंडीनं निघालं तर अर्ध्या वाटेत कंटाळा यावा इतक्या अंतरावर, पिंपळझरी नावाचं गाव आहे. गाव तसं चांगलं आहे. कापूस पिकतो, विहिरींना पाणी आहे, विठ्ठल-रखमाईचं दगडी देऊळ आहे, आणि दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय याची बातमी लोकांना स्वतःच्या चुलीआधी लागते. याच गावानं जयवंताला बारा वर्षं देवळाच्या पायरीखाली उभं ठेवलं. आज ती गोष्ट निघाली की लोक आवाज खाली आणतात. तेव्हा मात्र एकाचाही आवाज खाली नव्हता.

जयवंता ही कवडूची बायको. कवडू अण्णाजींकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. अण्णाजी जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराण्यातले. मालगुजारी कधीच गेली होती, पण देवळाचा कारभार त्यांच्याकडे होता आणि गावात शब्द त्यांचाच चाले. जयवंता अंगानं काटक, तोंडानं फटकळ आणि देवाच्या बाबतीत हट्टी. रोज पहाटे देवळाचा मंडप झाडायचा, सडा घालायचा, समया चिंचेनं लख्ख घासायच्या, हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी काही देतही नव्हतं. देव माझा आहे, म्हणजे त्याचं घरही माझंच, इतकं साधं गणित होतं तिचं.

१९७४ सालच्या ज्येष्ठात, आषाढीसाठी दागिने घासायला काढले तेव्हा गुरवाच्या लक्षात आलं की रखमाईचा चांदीचा कमरपट्टा नाही. देवळाची कुलपं शाबूत, पेटी शाबूत, पट्टा गायब. पोलिसांत जावं तर चार गावांत शोभा होणार. मग रूपरावनं दुसरा उपाय काढला. रूपराव अण्णाजींचा धाकटा भाऊ. कामापेक्षा त्याचा आवाज मोठा, आणि हात आवाजाच्याही पुढे. त्यानं दूरच्या गावाहून एक जाणता बोलावला. हा जाणता तांदूळ चारून चोर धरायचा. मंतरलेले कोरडे तांदूळ एकेकाच्या तोंडात घालायचे आणि चावून पानावर थुंकायला लावायचे. ज्याचे तांदूळ ओले निघाले तो सुटला. चोराच्या तोंडाला भीतीनं कोरड पडते, म्हणून ज्याचे कोरडे निघाले तो चोर. इतका स्वस्त न्याय मिळत असताना सरकार कोर्टकचेऱ्यांवर कशाला खर्च करतं, देव जाणे.

जाणत्याला सवड मिळाली ती नेमकी निर्जळा एकादशीला. गावात त्या दिवशी सगळ्यांचाच उपास होता. उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, भगर, वर शेंगदाण्याची आमटी आणि दुपारून दोनदा चहा. खरी निर्जळी, पाण्याचा थेंब न घेता, अख्ख्या गावात एकटी जयवंता धरायची. ज्येष्ठातलं आपल्याकडचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. आदल्या रात्रीपासून तिच्या जिभेला पाणी लागलं नव्हतं.

देवळात वावर असलेले सगळे मंडपात ओळीनं बसवले होते. जाणता तांदूळ घेऊन समोर आला तेव्हा जयवंता मागे सरकली.

"अण्णाजी, आज एकादशी हाये. आज तांदूळ तोंडात घालू मी?"

अण्णाजी खुर्चीत बसले होते. "चावून थुकाचे हायेत वं. गियाचे थोडीच हायेत?"

"उद्या चावतो ना. उद्या पारणं झालं का टोपलंभर चावतो."

"उद्या काऊन?" रूपराव ओरडला. "आज काय भेव वाटून राह्यलं तुले?"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. जयवंतानं रखमाईकडे पाहिलं, हात जोडले आणि तांदूळ तोंडात घेतले. चावले. चावता चावता तिला कळलं काय होणार ते. पानावर पडलं ते कोरडं पीठ.

"मले निर्जळी हाये," ती म्हणाली. "तोंडात पाणीच नाई, त थुका येईन कुठून? बाकीचे चहा पिऊन बसले हायेत, त्यायले इचारा."

म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि ऐकणाऱ्याला समजायला एक क्षण पुरला असता. पण तो क्षण रूपरावनं कोणाला मिळू दिला नाही. त्यानं पुढे होऊन तिच्या थोबाडीत मारली. बोटातल्या अंगठीनं डोळ्याखालची कातडी फाटली. कवडू तिथेच होता, मान खाली घालून. अण्णाजींनी निकाल दिला की पट्टा परत येईपर्यंत जयवंतानं पायरी चढायची नाही, आणि कवडूचं साल त्याच दिवशी मोडलं.

एकादशीला तांदूळ तोंडात गेला याचं दुःख तिला थपडेपेक्षा मोठं होतं. चोर तर ती नव्हतीच, ते तिला ठाऊक होतं आणि देवालाही. पण ज्या व्रताच्या जोरावर ती ताठ उभी राहायची, त्याच व्रतानं तिला चोर ठरवलं होतं. घरी येऊन तिनं कवडूला एकच सांगितलं, "या गावाच्या तोंडातून 'जयवंता चोर नाई' एवढं ऐकल्याशिवाय मी मरणार नाई." कवडू मान खाली घालूनच ऐकत होता. त्याचा स्वभावच तसा होता.

कार्तिकात पट्टा परत आला. एका सकाळी गुरवानं गाभारा उघडला आणि रखमाईच्या कमरेला पट्टा. चमत्कार झाला म्हणून गाव देवळात लोटलं, नारळ फुटले. आता पट्टा आपोआप आला म्हटल्यावर एखाद्याच्या मनात यावं की बाप्पा, मग चोरी झाली तरी होती का? पण नाही. गावाचं ठरलं की जयवंताला पश्चात्ताप झाला, तिनं गुपचूप पट्टा टाकला आणि देवीनं तिला माफ केलं. अण्णाजींकडून निरोप आला: देवीनं माफ केलं, गावही करते. पायरीवर नारळ ठेव, सर्वांसमोर 'चुकलं' म्हण आणि ये वर.

"काय चुकलं?" जयवंतानं निरोप आणणाऱ्याला विचारलं.

"असं काऊन इचारता? म्हणाचं फक्त."

"जे केलं नाई, त्याची माफी मी घेऊ? नारळ तुमच्या अण्णाजीले देजो. म्हणा, फोडा अन तुमीच खा."

याला लोकांनी माज म्हटलं. म्हणू देत. पण त्या माजाची किंमत तिनं मोजली. कवडू हंगामापुरता हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये जाऊ लागला. ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची, तेव्हा सुरुवातीला बाया तिच्या शेजारची तास, म्हणजे कपाशीची ओळ, धरायच्या नाहीत. लेक बायजा उपवर झाली. आर्वीकडचं चांगलं स्थळ आलं, मुलगा एस.टी.च्या डेपोत लागलेला. सगळं जमलं आणि शेवटी मुलाचा बाप म्हणाला, तेवढं देवळाचं मिटवून घ्या, आमच्या घरी नातेवाईक विचारतात.

"म्हणून टाक ना एकदाचं," कवडू त्या दिवशी रडकुंडीला आला. "एक शब्द तो. पोरीसाठी म्हण."

जयवंता अख्खा दिवस चुलीपुढे बसून राहिली. स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी बायजा जवळ येऊन बसली, तेव्हा तिनं लेकीला विचारलं, "चोराची पोर म्हणून नांदाले जाशीन का तू?" बायजा रडली, पण मान तिनं नाहीच अशी हलवली. स्थळ मोडलं. पुढे बायजा वर्ध्याजवळ पिपरी मेघेला नांदायला गेली, घर साधंच, माणसं चांगली. पण कवडू वर्षभर बायकोशी नीट बोलला नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं?

एवढ्या काळात जयवंतानं एक काम नेमानं केलं. रोज पहाटे ती झाडू घेऊन यायची आणि देवळापुढचा रस्ता झाडायची, थेट पायरीपर्यंत. पायरीला झाडू लागू द्यायची नाही. कोणी हटकलंच तर सांगायची, "पायरीच्या अलीकडची जागा ग्रामपंचायतीची हाये. तिचा देव येगळा." मग समोरच्या निंबाखाली उभं राहून आरती म्हणायची, आतल्यांपेक्षा मोठ्यानं.

बाहेरून ती अशी होती. आतून मात्र जळत होती, हे कोणाला दिसत नव्हतं. कापूस वेचताना तिच्या ओठांवर रूपरावचं नाव असायचं, आणि त्या नावापुढे जे असायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा हात झडो, त्याचे बैल मरो, त्याच्या घरात उजेड न राहो. भाकरीचा घास घशाखाली उतरायचा नाही. तिकडे रूपराव दोन वेळ पोटभर जेवून ढेकर देत हिंडत होता. शाप काही लागत नव्हते, आणि देणारीच वाळत चालली होती.

१९७९ च्या सप्ताहात शेवटच्या दिवशी बाहेरचे एक महाराज कीर्तनाला आले होते. दुपारची वेळ, मंडप भरलेला. जयवंता नेहमीप्रमाणे निंबाखाली. महाराजांनी क्षमेचं निरूपण लावलं. एका ऋषीच्या मनात आलं की देवांमध्ये मोठा कोण ते पाहावं. एका देवाला त्यानं नमस्कार केला नाही तर तो रागावला. दुसरा मारायलाच धावला. मग ऋषी वैकुंठात गेला, तर विष्णू झोपलेले. त्यानं सरळ छातीवर लाथ मारली. देव उठले आणि ऋषीचा पाय चेपत म्हणाले, माझी छाती कठीण, तुमच्या पायाला लागलं तर नाही? "तोच मोठा ठरला," महाराज म्हणाले. "कमजोराची ती क्षमा नव्हे, माऊली. ज्याच्या हातात चक्र आहे, त्यानं ते उचललं नाही. आणि ती लाथेची खूण बघा, अजून आपल्या विठोबाच्या छातीवर आहे."

जयवंतानं ही कथा लहानपणापासून ऐकली होती. त्या दिवशी मात्र ती निंबाला टेकून होती ती ताठ झाली. खूण अजून आहे. देवानं माफ केलं, पण पुसली नाही.

कीर्तन आवरत आलं तसे अण्णाजी उठले. चार शब्द बोलायची त्यांना भारी हौस. "महाराज, हेच आमच्या गावानंही केलं," ते म्हणाले. "इथं एका बाईच्या हातून अपराध झाला. देवीनं माफ केलं, आमीही माफ केलं. थे बाईच अजून बाहेर उभी हाये. जयवंते, आज चांगला दिवस हाये. नारळ ठेव अन ये वर."

सगळ्यांनी माना वळवल्या. जयवंता चालत पायरीपर्यंत आली. तिथे थांबली.

"महाराज, एक इचारू? लाथ कोणी मारली होती?"

"ऋषींनी," महाराज म्हणाले.

"अन माफ कोणी केलं?"

"देवानं."

"म्हणजे ज्यानं खाल्ली त्यानं. मारणाऱ्यानं त नाई." ती अण्णाजींकडे वळली. "मंग तुमी मले कायची माफी देऊन राह्यले, अण्णाजी? मार मी खाल्ला. माफी माझ्याजवळ हाये. तुमच्याजवळ असनच कशी?"

मग ती साऱ्या मंडपाकडे वळली.

"आता देतो, ऐका. रूपरावजी, तुमी मले निर्जळीच्या दिवशी साऱ्या गावात मारलं. मी तुमाले माफ केलं. अण्णाजी, तुमी खुर्चीत बसून पाह्यलं अन माझ्या घरच्या माणसाचं साल मोडलं. माफ केलं. गुरवबुवा, मी रोज पहाटे तुमच्या डोयापुढं राबली. मी चोर नाई हे तुमाले ठाऊक होतं, तरी तुमी त्वांड उघडलं नाई. माफ केलं." मग तिनं पुरुषांच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या कवडूकडे पाहिलं आणि तिचा आवाज थोडा हलला. "अन बायजाचे बाबा, तुमाले बी."

डोळ्याखालच्या व्रणावर तिनं बोट ठेवलं. "हे मात्र राहीन. देवानं तरी कुठं पुसलं?"

रूपराव ताडकन उठला. "कोण वं तू मले माफ करणारी? मी काय गुन्हा केला?"

"नसन केला त चिडून काऊन राह्यले?" जयवंता म्हणाली आणि वळून घरी निघाली.

गावात एकच गलका झाला. बाईनं शिव्या दिल्या असत्या तर लोकांनी सोसल्या असत्या, शिव्यांची सवय असते. माफी कोणालाच पचेना. माफ केलं म्हणजे समोरच्यानं गुन्हा केला असं ठरतं, आणि ते सगळ्यांना बरोब्बर कळलं होतं. महाराज आरतीच्या आधी इतकंच म्हणाले, "बाईंनी कथेचा अर्थ बरोबर लावला." पुढच्या सप्ताहाला त्यांना बोलावणं गेलं नाही.

चार दिवसांनी अण्णाजींचा माणूस दारात. अण्णाजी म्हणतात, माफी परत घे, घराण्याची बदनामी होऊन राहिली. जयवंता भाकरी थापत होती. "देल्ली वस्तू मी परत घेत नसतो," ती म्हणाली, आणि भाकर तव्यावर टाकली.

पण खरी गंमत तिच्या स्वतःच्याही उशिरा ध्यानात आली. एक दिवस कापूस वेचता वेचता तास संपली आणि तिला आठवलं की सकाळपासून रूपरावचं नाव आपल्या ओठांवर आलेलं नाही. आदल्या रात्री झोपही लागली होती. ज्या माणसाला ती पाच वर्षं छातीवर वागवत होती, तो उतरून गेला होता. तिनं त्याच्यावर उपकार केला नव्हता. आपल्या छातीवरचं ओझं टाकलं होतं, आणि ते टाकायला जो जोर लागला तो आता तिचाच होता. वावरातल्या बाया सांगतात, त्या हंगामापासून जयवंताचं हसणं दोन वावरं ओलांडून ऐकू यायचं.

कवडूचंही काही बदललं. कीर्तनाच्या त्या संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "मी बोलाले पाह्यजे होतं." पाच वर्षं उशीर झाला होता, पण जयवंतानं त्याला वाढलं आणि त्याच्याच ताटात जेवायला बसली.

वर्षं जात राहिली. लोकांचा राग निवला, तेव्हा काही जण म्हणू लागले, बाई, आता कोण पाहतं, एखाद्या दुपारी गुपचूप दर्शन करून ये. त्यावर ती म्हणायची, "गुपचूप चोर जातात." तिला पायरी नको होती. तिला ते वाक्य हवं होतं, गावाच्या तोंडून, दिवसाढवळ्या. ते काही कोणी म्हणत नव्हतं.

१९८६ च्या उन्हाळ्यात, दुपार कलत आली असताना, जयवंता अंगणात खाटेवर मुंगाच्या वड्या घालत होती. काठी टेकत टेकत एक बाई आली, म्हातारी, निम्मी झालेली. ती आनंदाबाई आहे हे कळायला जयवंताला वेळ लागला. आनंदाबाई म्हणजे अण्णाजींच्या पत्नी. मोठ्या घरची बाई कवडूच्या अंगणात कधी आली नव्हती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत, एवढं गावात कानावर होतं.

"बसा," जयवंता म्हणाली. हाताला पीठ होतं, म्हणून पाया पडली नाही.

आनंदाबाई बसल्या. बराच वेळ श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "जयवंते, पट्टा चोरीले गेलाच नव्हता."

जयवंताचा हात थांबला.

"रखमाईले थंडीत जाड लुगडं असते ना. उन्हाळा लागला का पातळ नेसवाचं, अन जाड वालं घडी करून आमच्या घरच्या पेटीत. त्या साली घडी मी केली. पट्टा त्याच्यातच गुंडाळला गेला. माझ्या ध्यानातच नाई. कार्तिकात थंडीचं लुगडं काहाडलं अन पट्टा खाली पडला. मी आमच्या यायले सांगितलं. यायनं रात्रीच नेऊन देवीले घातला अन म्हणलं, त्वांड उघडलं त घराण्याची अब्रू जाईन." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी गप्प बसली. रोज उठून वाटे, आज सांगतो. त्या कीर्तनात तू एकेकाचं नाव घेऊन माफ करून राह्यली होती. मी बायांत बसून वाट पाहत होती, आता माझं नाव येईन. नाई आलं. तुले ठाऊकच नव्हतं. थे माफी मले पाह्यजे, जयवंते. घेतल्याशिवाय जीव जाणार नाई माझा."

जयवंता उभी राहिली. ज्यांनी तिला चोर समजून मारलं त्यांना माफ करणं तिला जमलं होतं. ते मूर्ख होते. ही मूर्ख नव्हती. हिला माहीत होतं. त्या कार्तिकापासून हिच्या तोंडात ते एक वाक्य होतं आणि हिनं ते गिळून ठेवलं होतं.

"बायजाचं लगन मोडलं तवा तुमाले ठाऊक होतं?"

आनंदाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मी निंबाखाली उभी राहून आरती म्हणो, तवा तुमी आत होत्या?"

"होती."

"मंग उठा," जयवंता ओरडली. "उठा इथून! चालत्या व्हा!"

आनंदाबाई उठल्या. काठी टेकत निघाल्या. जयवंता खाटेशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे पाहत होती. माफ करण्यात आपण किती मोठ्या, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा खरोखर मागणारं कोणी आलं, तर हातात काहीच नव्हतं. पुन्हा तेच जुनं, छातीवर येऊन बसत होतं. रूपराव उतरला तशी आता ही चढणार, आणि ही मेल्यावर तर उतरायचीच नाही.

"नाई," ती मोठ्यानं म्हणाली. "मी नाई वागवणार आता कोणाले."

तिनं हात धुतले आणि गल्लीच्या तोंडाशी आनंदाबाईंना गाठलं. त्या एका ओट्यावर टेकल्या होत्या.

"आनंदाबाई, माफ केलं तुमाले," जयवंता म्हणाली. आवाजात गोडवा अजिबात नव्हता. "पण माफी येगळी अन झाकून ठेवणं येगळं. मले सांगितलं थे देवळात सांगा. साऱ्यांपुढं. जमत नसन त राहू द्या, माफी तरीबी तुमचीच हाये."

आनंदाबाईंनी हात पुढे केला. जयवंतानं तो धरून त्यांना उठवलं.

मंडपात सप्ताहाच्या तयारीची बैठक चालली होती. अण्णाजी, रूपराव, गुरव, गावातली पंधरावीस माणसं. पायरीपाशी जयवंता थांबली आणि आनंदाबाईही तिच्या शेजारी खालीच उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी सांगितलं, लुगड्याची घडी, पट्टा, कार्तिक, सगळं. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द ऐकू गेला.

"दुखण्यानं हिचं डोस्कं ठिकाणावर नाई," अण्णाजी म्हणाले.

"पट्टा तुमीच चढवला," आनंदाबाई त्यांना म्हणाल्या. "तुमी देवाकडं पाहून सांगा, नाई म्हणून."

अण्णाजींनी देवाकडे पाहिलं नाही. ते खाली पाहत राहिले. थोड्या वेळानं म्हातारा गुरव उठला, पायरीशी आला आणि हात जोडून म्हणाला, "जयवंताबाई चोर नाई." मागून आणखी कोणी म्हणालं, मग आणखी कोणी. बारा वर्षं जे ऐकायला ती थांबली होती ते असं आलं, तुटक तुटक, खाली मान घालून. तिला वाटलं होतं ऐकताना आपण रडू. ती रडली नाही. ती नीट उभी राहून शेवटच्या माणसापर्यंत ऐकत राहिली.

रूपराव मात्र उठला आणि आनंदाबाईंसमोर येऊन गरजला, "वहिनी, घराण्याचं नाक कापलं तुमी. आता आपल्या घराची पायरी चढू नका!" आणि तरातरा घराकडे निघून गेला. अण्णाजींनी मान वर केली नाही. भरल्या गावात एक माणूस बोलला नाही. आनंदाबाई काठीवर हलू लागल्या.

गुरव म्हणाला, "जयवंताबाई, या तुमी वर, दर्शन घ्या."

"देव कुठं जात नाई," जयवंता म्हणाली. तिनं आनंदाबाईंच्या काखेत हात घातला. "चाला, मी येतो घरापर्यंत."

दोघी रस्त्यानं निघाल्या, अगदी सावकाश, कारण आनंदाबाईंना चालवत नव्हतं. मागे बैठकीतली माणसं, ओट्यावरच्या बाया, सगळे येऊ लागले. मोठ्या घराच्या दारात रूपराव दोन्ही हात चौकटीला लावून उभा होता. म्हातारा झाला होता तोही, पण उभा तसाच होता, तांदळाच्या दिवशी मंडपात उभा राहिला होता तसा.

जयवंता त्याच्या अगदी समोर जाऊन थांबली.

"रूपरावजी, गुन्हा हिनं माझा केला होता. मी हिले माफ केलं. मी माफ केलेल्या बाईले घराबाहेर काहाडाचा हक्क तुमाले कोणी देल्ला?"

रूपरावचा हात चौकटीवरून सुटला, वर आला आणि तसाच अधांतरी राहिला. जयवंतानं तोंड बाजूला केलं नाही.

"सरका," ती म्हणाली.

रूपराव सरकला. आनंदाबाई आत गेल्या, आणि त्यांना खाटेवर नीट टेकवून होईपर्यंत जयवंता त्यांच्याजवळ थांबली.